पर्यवेक्षणाच्या जागी गट-मेंटरिंग: बारा बैठकांनंतरचा अभिप्राय

नाशिकमध्ये दोन ज्येष्ठ समाजकार्यकर्त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी गट-मेंटरिंगचा उपक्रम चालवतात. सहा महिन्यांत १२ बैठका, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी साडेदहा ते एक, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत. गटात आठ जण, आणि शुल्क बैठकीला ४०० रुपये, म्हणजे एकूण ४,८०० रुपये. मागच्या तुकडीत मी होते आणि बाराही बैठकांना हजर राहिले. उपक्रमाचे आणि तो चालवणाऱ्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण गट लहान होता, जिल्ह्यात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि पुढे ज्या केसेसचा उल्लेख येईल त्यांचे तपशील मी बदललेले असले तरी नावाच्या धाग्यावरून माणसे ओळखू येऊ शकतात. त्यामुळे हा अभिप्राय त्या दोघींपेक्षा या पद्धतीबद्दल अधिक आहे. संस्थेतील वरिष्ठाने प्रत्येक कार्यकर्त्याचे स्वतंत्रपणे करायचे जे पर्यवेक्षण, त्याच्या जागी समव्यावसायिकांचा असा गट चालेल का, आणि चालला तर कुठपर्यंत, हे मला या सहा महिन्यांत जवळून पाहता आले.

मी एका तालुक्याच्या ठिकाणी कौटुंबिक समुपदेशन केंद्रात ११ वर्षे काम करते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करताना आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असे, प्रत्येक गृहभेटीचे रेकॉर्डिंग लिहावे लागे, आणि ते वाचून आलेल्या पर्यवेक्षक बाईंबरोबर दर आठवड्याला 'आयसी' होई, म्हणजे त्या आणि मी, दोघींचीच बैठक. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत समाजकार्याची देशातली पहिली शिक्षणसंस्था सुरू झाली, ती पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तेव्हापासून या शिक्षणाचा निम्मा जीव क्षेत्रकार्यात राहिला आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात एमएसडब्ल्यू केलेल्या माणसाला आयसी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या रेकॉर्डिंगच्या समासात बाई लाल शाईने लिहीत, 'हे ऐकताना तुम्हाला काय झाले?' पदवी मिळाली, नोकरी लागली, आणि त्यानंतरच्या ११ वर्षांत हा प्रश्न मला कामाच्या ठिकाणी कोणीही विचारला नाही.

समाजकार्यातील पर्यवेक्षणाचा विचार करताना अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड कॅडुशिन यांनी त्याची तीन कामे सांगितली आहेत: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचे. आमच्याकडे पहिले काम होते आणि तेवढेच होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पर्यवेक्षक मॅडम येतात, नोंदवही पाहतात, नव्या केसेस किती, तडजोडी किती, गृहभेटी किती, फॉलो-अप राहिलेले किती हे आकडे घेतात, आणि अनुदान देणाऱ्याकडे पाठवायच्या तिमाही अहवालाची तारीख सांगून पुढच्या केंद्राकडे जातात. यात मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे पाच केंद्रे आहेत आणि त्यांनाही वर कोणाला तरी आकडे द्यावे लागतात. पण माझे वार्षिक मूल्यमापन त्या लिहितात आणि ११ महिन्यांचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही याची शिफारसही त्याच करतात. अशा माणसासमोर 'या केसमध्ये मी चुकले असे मला वाटते' हे वाक्य तोंडातून निघत नाही. आमच्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ताई आणि दादा म्हणतात, परंतु पर्यवेक्षकाला आम्ही मॅडम किंवा सर म्हणतो, आणि त्या एका शब्दात बरेच काही आले.

सरकारी व्यवस्थेत अडचण वेगळी आहे. देशात वैद्यकीय समाजकार्याचे पहिले पद १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निर्माण झाले, परंतु रुग्णालयातील समाजकार्यकर्त्याचा वरिष्ठ आजही बहुधा डॉक्टर असतो. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू झालेले आणि पुढे राज्यभर पसरलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष पोलीस यंत्रणेच्या आवारात चालतात. तिथली कार्यकर्ती रोज ज्यांच्यासोबत काम करते त्यांचे शास्त्र आणि शिस्त निराळी असते. इंग्लंडमध्ये नव्या समाजकार्यकर्त्यासाठी पहिल्या वर्षाच्या चौकटीत पर्यवेक्षणाची अपेक्षा ठरवून दिलेली आहे: सुरुवातीचे सहा आठवडे दर आठवड्याला, सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला, त्यानंतर महिन्याला. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कुटुंब, महिला, बालके आणि वस्ती यांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना अशी कोणतीही चौकट नाही. तेव्हा आमच्या बाबतीत 'पारंपरिक पर्यवेक्षणाला पर्याय' या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा जे मिळतच नव्हते त्याला पर्याय असा घ्यावा लागतो, आणि हा उपक्रम मोजताना मी ते लक्षात ठेवले आहे.

आमच्या गटात जिल्हा रुग्णालयातील एक समाजकार्यकर्ती, जिल्हा बाल संरक्षण कक्षातील एक दादा, एचआयव्हीवरील औषधोपचार देणाऱ्या एआरटी केंद्रातील समुपदेशक, मुलींच्या बालगृहातील एक ताई, विशेष कक्षातील एक कार्यकर्ती, घरी जाऊन वेदनाशामक सेवा देणाऱ्या पथकातील एक जण, आदिवासी भागात आरोग्याचे काम करणारी एक कार्यकर्ती आणि मी असे आठ जण होतो. आदिवासी भागातल्या या कार्यकर्तीकडे एमएसडब्ल्यूची पदवी नव्हती, आणि पहिल्या दोन बैठकांत ती जवळजवळ बोललीच नाही. पहिली बैठक संपूर्णपणे करारासाठी होती. कोणाचे नाव, गाव, जात आणि नवऱ्याच्या नोकरीचे ठिकाण सांगायचे नाही. मोबाइल खोलीबाहेरच्या कपाटात ठेवायचे. इथले बोलणे आपल्या संस्थेत न्यायचे नाही. आणि मुलाच्या किंवा कोणाच्याही जिवाला धोका दिसला तर गुप्ततेचा नियम तिथे संपतो. ही शेवटची अट मेंटर ताईंनी दोनदा वाचून दाखवली. ती किती महत्त्वाची होती हे आठव्या बैठकीत कळले.

बैठकीची रीत ठरलेली असते आणि माझ्या मते या उपक्रमाची खरी ताकद त्या रीतीत आहे. एका बैठकीत एकच केस. मांडणारी व्यक्ती २० मिनिटे, फाइल न उघडता, आठवेल तसे सांगते. त्यानंतर १० मिनिटे केवळ माहितीचे प्रश्न. मग मांडणाऱ्याने आपली खुर्ची वर्तुळातून हातभर मागे घ्यायची आणि पुढची २५ मिनिटे एक शब्दही बोलायचा नाही. बाकीचे सात जण त्या केसबद्दल आपापसांत बोलतात, पण सल्ला देत नाहीत. 'त्यांनी असे करायला हवे' हे वाक्य सुरू झाले की मेंटर ताई हात वर करून थांबवतात आणि विचारतात, 'हे ऐकून तुमच्या मनात कोण आले?' शेवटी खुर्ची पुन्हा आत येते आणि काय ऐकले, काय बोचले, पुढे काय करायचे ते मांडणारी व्यक्ती सांगते. खुर्ची मागे घेण्याची ही पद्धत मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटांत वापरली जाते. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी डॉक्टरांचे असे गट चालवले, म्हणून ही डॉक्टरांची पद्धत समजली जाते. परंतु त्यांच्या सहकारी आणि पत्नी एनिड बालिंट त्याआधीपासून कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांचे गट चालवत होत्या. ही रीत मुळात आपल्याच व्यवसायाच्या अंगणातली आहे हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला.

पाचव्या बैठकीत माझी पाळी होती. मी एका बाईची केस मांडली, जी मारहाणीनंतर माहेरी येई, आम्ही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटना अहवालाची तयारी करू, आणि अर्ज दाखल होण्याच्या आत ती नवऱ्याकडे परत जाई. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी मी फाइलवर 'लाभार्थीचे सहकार्य नाही' असे लिहिले होते, मॅडमनी केस बंद करण्यास मान्यता दिली होती, आणि मला त्या बाईचा राग आला होता, जो मी कोणाला सांगितला नव्हता. तो राग मी त्या खोलीत सांगितला. सांगताना माझा आवाज चढल्याचे मला नंतर इतरांनी सांगितले. माहितीच्या प्रश्नांमध्ये एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाने विचारले, 'ती नवऱ्याकडे तीनदा गेली. तुमच्याकडे किती वेळा आली?' मी आठवून मोजले. ११ वेळा आली होती. गेल्या दीड वर्षात माझ्या केंद्रात इतक्या वेळा स्वतःच्या पायांनी आलेली दुसरी बाई नव्हती, आणि तिच्याच फाइलवर मी सहकार्य नसल्याचा शेरा मारला होता.

मी खुर्ची मागे घेतल्यावर बालगृहातल्या ताईंनी आणखी एक गोष्ट टिपली. मी सासूबद्दल जवळजवळ १० मिनिटे बोलले होते, नवऱ्याच्या दारूबद्दल, दिराच्या जमिनीच्या वादाबद्दल बोलले होते, पण थोरल्या मुलीचे वय सांगितले नव्हते. मला ते माहीत होते; ती नऊ वर्षांची होती, आणि प्रत्येक वेळी आईबरोबर केंद्राच्या बाकावर बसलेली असे. आई परत का जाते याचे उत्तर त्या मुलीच्या शाळेत असू शकेल, असे आरोग्याचे काम करणारी ती पदवी नसलेली कार्यकर्ती हळू आवाजात म्हणाली. गटात ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. पुढच्या आठवड्यात मी केस पुन्हा उघडली आणि त्या बाईला अर्जाऐवजी शाळेबद्दल विचारले. मुलीचे नाव माहेरच्या गावातल्या शाळेत वर्षाच्या मध्येच घालता येते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, मीही नाही. केस अजून चालू आहे आणि तिचा शेवट काय होईल ते मला सांगता येणार नाही, पण मी तिला भेटते तेव्हा आता माझ्या मनात राग नसतो, आणि कामाच्या दृष्टीने एवढे पुष्कळ आहे.

हा प्रसंग मी सविस्तर लिहिला, कारण एकास एक पर्यवेक्षणात हे मला मिळाले असते का, याचा मी बराच विचार केला आहे. चांगल्या पर्यवेक्षकाने कदाचित तो ११ चा प्रश्न विचारला असता. परंतु मुलीचे वय टिपायला बालगृहात रोज मुली पाहणारे डोळे लागले आणि शाळेचा धागा ओढायला पाड्यांवरून हिंडणारे पाय लागले. एका माणसाकडे हे सर्व असणे कठीण आहे. शिवाय दुसऱ्याची केस ऐकतानाही शिकणे चालू राहते: १२ बैठकांपैकी माझी स्वतःची एकच होती, आणि वेदनाशामक पथकातल्या दादांनी एका मरणासन्न माणसाच्या मुलाशी काय बोलावे हे न सुचल्याचे सांगितले, त्या बैठकीतून मी माझ्या केसइतकेच घेऊन परतले. बैठका मराठीतच होतात, हेही माझ्या दृष्टीने मोलाचे आहे. मालेगाव, सटाण्याकडच्या बायकांचे बोलणे सांगताना कार्यकर्त्या अहिराणीत जातात आणि मेंटर ताई त्यांना तसेच जाऊ देतात, त्यामुळे बाई जे म्हणाली ते गटापर्यंत अहवालाच्या भाषेत वाळून पोहोचत नाही.

आता उणिवा. छोट्या जिल्ह्यात नाव आणि गाव लपवून भागत नाही. सहाव्या बैठकीत विशेष कक्षातली ताई एक केस मांडत असताना, सातव्या-आठव्या मिनिटाला रुग्णालयातल्या कार्यकर्तीने हात वर केला, कारण जळालेल्या हाताच्या वर्णनावरून तिने ती बाई ओळखली होती. ती तिच्याच वॉर्डात होती. दोघींनी दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि कोणती कोणासमोर बोलायची हा प्रश्न क्षणात उभा राहिला. मेंटर ताईंनी बैठक थांबवली आणि ती केस बाजूला ठेवली, हे योग्यच झाले. परंतु 'ओळख पटली तर लगेच सांगा' हा नियम त्यानंतर करारात आला. तो पहिल्या दिवशी असायला हवा होता. बालकांच्या केसेसमध्ये तर ही केवळ सभ्यतेची बाब राहत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आणि बाल न्याय कायदा दोन्ही मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतात, आणि मूल कोणत्या शाळेत आहे एवढे सांगितले तरी ओळख उघड होऊ शकते.

आठव्या बैठकीत जे घडले ते यापेक्षा गंभीर होते. गटातील एकीने सुरुवातीलाच सांगितले की तिच्या कार्यक्षेत्रातल्या एका मुलीने गुरुवारी तिला घरातल्याच माणसाकडून होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल सांगितले, तिला काय करावे सुचत नव्हते, संस्थेतल्या वरिष्ठांनी 'आधी खात्री करा' असे म्हटले होते, म्हणून तिने शनिवारपर्यंत वाट पाहिली. पोक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; खात्री करणे हे तपास यंत्रणेचे काम आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मेंटर ताईंनी चर्चा होऊ दिली नाही. त्या तिला घेऊन बाहेर गेल्या, फोन लावला गेला, आणि बाल संरक्षण कक्षातल्या दादांनी आपली खुर्ची सोडून पुढची जबाबदारी उचलली. दुपारपर्यंत मुलगी सुरक्षित ठिकाणी होती. आम्ही उरलेले सहा जण त्या खोलीत बसून होतो आणि कोणीही चहाला उठले नाही.

त्या दिवशी गटाने आणि मेंटर ताईंनी जे केले त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ एवढा वेळ ती मुलगी त्याच घरात होती, आणि त्या वेळेत तिच्या कार्यकर्तीला हे सांगायला सुरक्षित वाटलेली एकमेव जागा पंधरवड्याने भरणारा गट होता. इथे या पद्धतीची मर्यादा स्पष्ट दिसते. गटाला अधिकार नाही. तो फाइलवर सही करत नाही, कार्यकर्तीला 'या घरी एकटीने जाऊ नका, मी गाडी देते' असे म्हणू शकत नाही, तिची रजा मंजूर करू शकत नाही, तिच्या केसेसची संख्या कमी करू शकत नाही. पर्यवेक्षणाचे प्रशासकीय काम आम्हाला कंटाळवाणे वाटते, पण धोक्याच्या वेळी निर्णयाची जबाबदारी घेणारे कोणीतरी फोनच्या पलीकडे असणे हा त्याच कामाचा भाग आहे, आणि तो कोणत्याही मैत्रीपूर्ण वर्तुळातून उभा राहत नाही. काही संस्था असे गट उपलब्ध आहेत म्हणून पर्यवेक्षकाचे पदच काढून टाकण्याचा विचार करत असतील, तर त्यांनी तो करू नये, असे मी कळकळीने सांगते. उलट, संस्थेचे पर्यवेक्षण आणि हा गट यांच्यामध्ये एक लेखी दुवा हवा: गटात काय बोलले गेले ते संस्थेला कळणार नाही, पण तातडीच्या प्रसंगी कार्यकर्ती कोणाला फोन करील आणि तो कोण उचलेल हे संस्थेने आधीच नाव-नंबरासह लिहून दिलेले असावे. मी हे मेंटर ताईंना शेवटच्या बैठकीत सांगितले.

लहानसहान बाबी थोडक्यात सांगते. पावसामुळे दोन बैठका ऑनलाइन झाल्या आणि त्या फसल्या. कोणी एसटीतून बोलत होते, कोणाच्या मागे सासूबाई वावरत होत्या, आणि खुर्ची मागे घेण्याला पडद्यावर काही अर्थ उरत नाही. एक सहकारी प्रत्येक वेळी बराच वेळ बोलत आणि त्यांना आवरायला मेंटर ताईंना तिसऱ्या बैठकीपर्यंत वेळ लागला. शेवटी प्रमाणपत्र मिळते, माझ्या संस्थेने ते फाइलला लावले. ज्यांचा पगार २० हजारांच्या आसपास आहे त्यांना ४,८०० रुपये जड जातात. मला दोन हप्त्यांत भरू दिले, आणि पाड्यावरच्या कार्यकर्तीचे शुल्क निम्मे केले होते. मी चौकशी केली तेव्हा खासगी वैयक्तिक पर्यवेक्षणासाठी तासाला १,२०० रुपये सांगितले गेले होते, त्या मानाने हे दर रास्त आहेत.

पाचपैकी गुण द्यायचे तर शिकण्यासाठी आणि मनाच्या आधारासाठी मी पूर्ण पाच देईन, आणि संपूर्ण पर्यवेक्षणाला पर्याय म्हणून अडीच. नोकरीत दोन-तीन वर्षे झालेल्या, एकट्याने केंद्र सांभाळणाऱ्या, किंवा ज्यांचा वरिष्ठ समाजकार्यातला नाही अशा प्रत्येकाने यात जावे. अगदी नव्याने रुजू झालेल्यांनी पहिले वर्षभर संस्थेत नियमित पर्यवेक्षण मागावे आणि त्यानंतर यावे. आठव्या बैठकीतल्या त्या सहकारीला नोकरीला लागून पाच महिनेच झाले होते.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. यंदा अर्जासोबत एक नवा कागद आहे, त्यावर संस्थेच्या पर्यवेक्षकाचे नाव, चोवीस तास लागणारा फोन नंबर आणि सही मागितली आहे. मी तो घेऊन मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी सही करण्याआधी खुर्ची पुढे ओढून विचारले की त्या गटात नेमके काय होते, आणि पहिल्यांदाच आम्ही नोंदवही न उघडता अर्धा तास बोललो. मी पुन्हा नाव दिले आहे.